भीमाशंकरची परदेशी घंटा

आमच्या दहिवलीला उल्हास नदीचा शेजार आहे. राजमाचीच्या दऱ्याखोऱ्यांतून उतरलेली ही नदी कर्जत-दहिवलीवरून नेरळ, बदलापूर मागे टाकत कल्याणला पोचते आणि शेवटी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. म्हणजे आमच्या घाटावरचं पाणी वसईला जातं. पण कधी काळी वसईची एक वस्तू नेमकी उलट दिशेनं प्रवास करून आमच्या डोक्यावरच्या सह्याद्रीत जाऊन बसली. गेली पावणेतीनशे-तीनशे वर्षं ती तिथंच आहे. लाखो लोकांनी तिला हात लावला आहे. तिची कुळकथा मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

ही वस्तू म्हणजे भीमाशंकरच्या देवळापुढची मोठी घंटा.

कर्जतहून कशेळेमार्गे खांडसला जायचं, तिथून गणपती घाटानं किंवा शिडी घाटानं वर चढायचं, ही भीमाशंकरची आमच्याकडची वाट. शिडी घाटाच्या नावातच त्याचा स्वभाव आहे. गुडघे शाबूत असतील त्यांनीच त्या वाटेला जावं. तीन-चार तासांच्या चढणीनंतर धापा टाकत माणूस देवळाच्या आवारात शिरतो. समोर शनीचं लहानसं देऊळ दिसतं आणि दोन खांबांच्या मध्ये टांगलेली घंटा दिसते. हात आपोआप वर जातो, टोल पडतो, दरीत नाद घुमतो आणि माणूस दर्शनाच्या रांगेकडे वळतो. यात नवल काही नाही. देवळापुढं घंटा असायचीच.

पण मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. चेक हाती आला की रकमेच्या आधी तारीख पाहायची आणि मग सही पाहायची, ही खोड अंगात मुरलेली. त्या सवयीनं या घंटेकडे पाहिलं की दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे तिच्यावरचं साल. ते शके नाही, संवतही नाही. ते इसवी सनाचं आहे, युरोपीय आकड्यांत आहे आणि १७२० च्या दशकातलं आहे. दुसरी म्हणजे तिच्यावरची आकृती. ती बाळ येशूला घेतलेल्या मेरीमातेची आहे. शंकराच्या दारात मेरीमाता! परंपरा सांगते की वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकल्यावर चिमाजीअप्पांनी तिथल्या चर्चच्या घंटा ठिकठिकाणच्या देवस्थानांना अर्पण केल्या, त्यांतली ही एक. वसई पडली मे १७३९ मध्ये. घंटेवरचं साल त्याच्या आधीचं. तारखेचा मेळ बरोबर बसतो.

ही एकटीच नव्हे. वाईजवळच्या मेणवलीला, नाना फडणीसांच्या वाड्यामागं कृष्णेच्या घाटावर, १७०७ सालची अशीच एक घंटा आहे. तिच्यावरही मेरी आणि बाळ येशू आहेत. 'स्वदेस' हा सिनेमा ज्या घाटावर चित्रित झाला, तोच हा घाट. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा तर सर्वांना माहीत आहे. ते देऊळ १७४७ चं आणि घंटेवर साल आहे १७२१. देवळाआधी सव्वीस वर्षं घंटा जन्मली!

आता कुणी म्हणेल, लढाई जिंकली, लूट आणली, देवाला वाहिली, त्यात एवढं काय? तेवढ्यावर थांबलं तर खरंच विशेष काही नाही. पण घंटा म्हणजे युरोपच्या माणसाला काय होतं, हे एकदा कळलं की या गोष्टीला निराळाच अर्थ येतो. त्यासाठी थोडं लांबून यावं लागेल.

मध्ययुगातल्या युरोपातलं एखादं खेडं डोळ्यांपुढं आणा. मनगटावर घड्याळ नाही, भिंतीवरही नाही. दिवस मोजायचा तो चर्चच्या घंटेनं. पहाटे, दुपारी आणि तिन्हीसांजेला प्रार्थनेची घंटा होई. शेतातला माणूस नांगर थांबवून क्षणभर मान लववी. बाळ जन्मलं की घंटा, लग्नाला घंटा, मयताला निराळ्या लयीची संथ घंटा. आग लागली, पूर आला, शत्रू चालून आला की भराभर ठोके. रात्री एक ठरावीक घंटा होई, तिचा अर्थ चुली विझवा, निखारे झाका आणि झोपा. लाकडाची, गवताने शाकारलेली घरं. एक ठिणगी उडाली तर गाव खाक. 'आग झाका' या अर्थाच्या त्या जुन्या फ्रेंच शब्दांतूनच आपण दंगलीच्या काळात ऐकतो तो 'कर्फ्यू' शब्द आला. इंग्रजीतला 'क्लॉक' हा शब्दही मुळात घंटेसाठी असलेल्या मध्ययुगीन लॅटिन शब्दावरून आलेला आहे. यात आपल्याला परकं वाटण्याजोगं काही नाही. आपला 'तास' तरी काय? ठोके देण्याची काशाची थाळी, तिचं नाव तास. तिच्यावरून वेळेलाच ते नाव पडलं.

या घंटेचा जन्मही पाहण्यासारखा असे. आधी मातीचा गाभा करायचा. त्यावर हव्या त्या जाडीची मातीचीच खोटी घंटा घडवायची. तिच्यावर मेणाची अक्षरं, क्रूस, संतांच्या आकृती चिकटवायच्या. त्यावर पुन्हा मातीचं जाड आवरण चढवून आतून आच द्यायची. मेण वितळून जाई आणि आवरणाच्या आतल्या अंगाला अक्षरांचे खळगे राहत. मग आवरण उचलून खोटी घंटा फोडून टाकायची, आवरण पुन्हा बसवायचं आणि मधल्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. चार भाग तांब्याला एक भाग कथील, असं साधारण प्रमाण. हे आपल्या काशाचंच प्रमाण झालं. उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून आजी ज्या वाटीनं घाशी, ती वाटी आणि चर्चची घंटा एकाच गोत्रातली म्हणायची! ही ओतण्याची रीत नीट ध्यानात ठेवा. अक्षरं कोरलेली नसून वर उठलेली का असतात, ते तिच्यावरून कळतं.

घंटा तयार झाली की चक्क तिचं बारसं होई. बिशप येई, पवित्र पाण्यानं तिला न्हाऊ घाली, तेल लावी, नाव ठेवी. लहान बाळाला असतात तसे तिला धर्मपिता आणि धर्ममाता असत. म्हणजे घंटा ही वस्तू राहत नसे, गावातलं एक माणूस होई. गावाची जीभच म्हणा ना.

आणि म्हणूनच, ज्याला गावाचा कणा मोडायचा असे तो आधी घंटेला हात घाली. रशियातल्या नोव्हगोरोद शहरात नागरिकांची सभा बोलावणारी एक घंटा होती. मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हाननं १४७८ मध्ये ते शहर ताब्यात घेतलं आणि ती घंटा उतरवून मॉस्कोला नेली. सभा संपली, स्वातंत्र्य संपलं. फ्रान्समध्ये मिठावरच्या कराविरुद्ध बोर्दो शहरानं १५४८ मध्ये बंड केलं, तेव्हा राजानं बंड मोडलं आणि शिक्षा म्हणून शहराच्या घंटा काढून घेतल्या. मिठाच्या कराची गोष्ट आपल्याला वेगळी सांगायला नको.

काढून नेलेल्या घंटेचं पुढं काय होई? युरोपच्या इतिहासात तिच्या नशिबाच्या मुख्यतः दोन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा स्पेनची. इसवी सन ९९७ मध्ये कॉर्दोबाचा सेनापती अल्-मन्सूर यानं सांतियागो हे ख्रिस्ती लोकांचं मोठं तीर्थक्षेत्र लुटलं आणि तिथल्या घंटा कॉर्दोबाला आणल्या. ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून आणल्या, असं इतिवृत्तकार सांगतात. मशिदीत घंटा वाजत नाही. मग त्या उलट्या करून त्यांचे दिवे केले. पुढं १२३६ मध्ये राजा तिसऱ्या फर्दिनांदनं कॉर्दोबा जिंकलं आणि त्याच घंटा परत सांतियागोला धाडल्या, या वेळी मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून. मधे दोनशे एकोणचाळीस वर्षं गेली होती, तरी हिशेब कोणी विसरलं नव्हतं. मोरोक्कोत फेज शहराच्या प्रसिद्ध करवियीन मशिदीत जिब्राल्टरहून आणलेल्या घंटेचा दिवा आजही आहे. दिवा सुंदर आहे. पण घंटा मुकी झाली ती झालीच.

दुसरी तऱ्हा तोफेची. घंटेत कथील जास्त, म्हणून ती खणखणते. तोफेत कथील कमी, म्हणून ती दणका सोसते. धातू तेच, कारागीरही बहुधा तेच. घंटा वितळवली, त्यात थोडं तांबं घातलं की तोफ तयार. शहर जिंकलं की तिथल्या घंटांवर तोफखान्याच्या प्रमुखाचा हक्क, असा युरोपातल्या लढायांत रिवाजच होता. ज्याला घंटा वाचवायच्या त्यानं त्याला पैसे मोजावे. नार्वाच्या लढाईत स्वीडनकडून मार खाल्ल्यावर रशियाच्या पीटर द ग्रेटनं १७०१ मध्ये आपल्याच चर्चच्या घंटा उतरवून तोफा ओतल्या. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सरकारनं १७९३ मध्ये फर्मान काढलं, की दर चर्चला एकच घंटा ठेवावी आणि बाकीच्या तोफांसाठी जमा कराव्यात. हे फार जुनं झालं म्हणावं, तर दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीनं स्वतःच्या आणि व्यापलेल्या देशांच्या मिळून अंदाजे पावणेदोन लाख घंटा जमा केल्या. त्यांतल्या दीड लाखांच्या आसपास भट्टीत गेल्या.

आता पुन्हा वसईला येऊ.

गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढं दोनशे वर्षं ती त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी होती. किल्ल्याच्या आत चर्च होती, मठ होते, सरदारांचे वाडे होते. त्या मनोऱ्यांवरून युरोपातल्या एखाद्या गावासारख्याच घंटा वाजत आणि त्या तालावर वसईचा दिवस चाले. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि १७३९ च्या मे महिन्यात, महिनोन्‌महिने वेढा घालून, तटाखाली सुरुंग लावून, हजारो माणसं खर्ची घालून वसई घेतली. तहात ठरलं की जाणाऱ्यांनी आपली चीजवस्तू घेऊन जावं आणि राहतील त्यांना आपला धर्म पाळता यावा. घरातली चीजवस्तू गलबतावर चढते. मनोऱ्यावरची मणामणांची घंटा मात्र अशी पळापळीत उतरत नाही. कोणत्याही युरोपीय सेनापतीला या घंटांचं काय करायचं हे विचारावं लागलं नसतं. मराठ्यांनाही तोफांची गरज होतीच. सतत लढणाऱ्या राज्याला ती नेहमीच असते. तरी यांतल्या काही घंटा भट्टीत न जाता बैलांच्या आणि माणसांच्या बळावर घाट चढून वर गेल्या आणि देवापुढं टांगल्या गेल्या.

इथं आपण मराठे किती थोर, असं म्हणून पाठ थोपटून घ्यायला मी तयार नाही. कारण अगदी व्यवहारी आहे. मशिदीला घंटा चालत नाही, देवळाला लागते. आयती, ओतीव, उत्तम काशाची घंटा मिळाली तर ती कोण मोडेल? शिवाय ती विजयाची खूण होती. जिंकलेल्याचं हिसकावून आणलेलं होतं, हे साल आणि मेरीमाता दोघंही आज साक्षीला उभी आहेत. वसईतल्या ज्या ख्रिस्ती कुटुंबानं त्या घंटेच्या नादावर बाळाला बाप्तिस्मा दिला असेल, आईला मूठमाती दिली असेल, त्याला मनोरा मुका झाल्यावर काय वाटलं असेल? मी कादंबऱ्या लिहितो. हा प्रश्न मला टाळता येत नाही.

पण दुसरी बाजूही टाळता येत नाही. गोव्यात १५४० च्या सुमारास बेटांवरची देवळं पाडली गेली. मंगेशीला कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गेला केळशीहून कवळ्याला रातोरात हलवावं लागलं. आज ज्यांची ती कुलदैवतं आहेत त्या घरांना ही कथा कुणी सांगावी लागत नाही. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय बसलं, ते मधल्या थोड्या खंडासह १८१२ पर्यंत टिकलं. जुन्या गोव्यातल्या सी कॅथेड्रलची प्रसिद्ध 'सोन्याची घंटा' त्या न्यायालयाच्या जाहीर शिक्षांच्या वेळी वाजवत, असं सांगतात. घंटेला स्वतःचा धर्म नसतो, तसं पापपुण्यही नसतं. दोरी कुणाच्या हातात आहे त्यावर सारं अवलंबून.

तेव्हा देणं कुणाचं आणि येणं कुणाचं, हे खातं मांडायला बसलं तर दोन्हीकडे रकमा भरपूर निघतील. बँकेत मी अशी खाती पाहिली आहेत. मुद्दल बाजूला राहतं, व्याजावर व्याज चढत जातं, बापाचं देणं मुलगा आणि मुलाचं नातू ओढत राहतो. सांतियागोच्या घंटांचं असंच झालं. आधी यांच्या खांद्यावर, मग त्यांच्या. भीमाशंकरच्या घंटेचं मला अप्रूप वाटतं ते एवढ्यासाठी की तिथं हे व्याज चढलं नाही. जिंकणाऱ्यांनी मेरीमाता घासून काढली नाही. क्रूस छिनला नाही, साल खोडलं नाही. बाईच्या कडेवर बाळ आहे, देवाच्या दारात असेना का. असंच कुणाला तरी वाटलं असावं. नाव-गाव तेच ठेवून घंटेला नवं काम मिळालं.

कामात मात्र बारीकसा फरक झाला. युरोपातली घंटा दोरीनं ओढली की अख्खी झुलते आणि लोलक तिच्या अंगावर आपटतो. आपल्याकडे घंटा जागची हलत नाही, लोलक हातानं हलवायचा. चर्चची घंटा देवाच्या वतीनं माणसांना हाक मारते, 'या रे.' देवळातली घंटा माणूस देवाला ऐकवतो, 'आलो रे बाबा.' तोंड फिरलं, पण बोलणं बंद झालं नाही. दिवा झालेल्या घंटेपेक्षा आणि तोफ झालेल्या घंटेपेक्षा हे नशीब कितीतरी बरं.

अशी देवघेव एकाच बाजूनं झाली असंही नाही. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्यानं ख्रिस्ताची कथा दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांत रचली. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. त्यानं आपली ओवी नेली आणि तिच्यात त्याचा ख्रिस्त बसवला. आपण त्यांची घंटा आणली आणि आपल्या शंकरापुढं टांगली. ओवी मोडली नाही, घंटाही फुटली नाही.

आज कुणी म्हणतं, या घंटा परत द्याव्यात. कुणी म्हणतं, पराक्रमाच्या खुणा म्हणून मिरवाव्यात. मला दोन्हींची घाई वाटत नाही. वसईची चर्च मुकी राहिलेली नाहीत. त्यांच्या मनोऱ्यांवर आजही घंटा वाजतात आणि आत प्रार्थना मराठीत होते. त्याच वसईच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या, आताच्या धाराशिवच्या, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १७३९ मध्ये जे वसईत राहिले त्यांच्या वंशजांनी मराठी आपली मानली आणि मराठीनं त्यांना. त्या तहातलं धर्म पाळण्याचं कलम कागदावरच विरलं नाही, याचा याहून चांगला दाखला कोणता?

खरी काळजी वेगळीच आहे. अशा जुन्या घंटांवर कुणी भक्तिभावानं ऑइलपेंट फासतो, कुणी शेंदूर थापतो, कुणी आपल्या बापाच्या स्मरणार्थाची पाटी ठोकू पाहतो. तीनशे वर्षांत शत्रूनं जे पुसलं नाही ते आपली हौस पुसून टाकेल. देवस्थानांनी शेजारी चार ओळींचा साधा फलक लावला तरी पुरे: ही घंटा कुठली, कधीची, कशी आली. देवाच्या महात्म्यात त्यानं काही उणं होत नाही.

तोवर आपल्या हाती एवढंच आहे. अशा एखाद्या देवळात मुलाबाळांसह गेलात तर टोल देण्याआधी क्षणभर थांबा. मुलाला कडेवर उचलून घ्या आणि घंटेच्या अंगावरून त्याची बोटं फिरवा. मेणाची अक्षरं धातूत उतरलेली आहेत, वर उठलेली आहेत, बोटांना कळतील. साल त्यालाच वाचू द्या. बाईच्या कडेवरचं बाळही त्याला दिसेल, कारण त्या वेळी तोही तसाच कुणाच्या तरी कडेवर असेल. मग त्यालाच घंटा वाजवू द्या.